शिंकांची गोळी

रंजिताने पिशवी उपडी केली आणि घरातली सगळी औषधं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतली. ब्लडप्रेशरची पाकिटं बाईंनी एका बाजूला सारली. मग हाती लागल्या पिवळ्या गोळ्यांच्या अर्ध्या कापलेल्या दोन पट्ट्या, ज्यांची नावं कात्रीत गेली होती. सर्दी-तापाच्या गुलाबी गोळ्या निघाल्या. शेवटी चिकट झाकणाची खोकल्याची बाटली.

"हे सगळं कधीपासून घेतात?"

"ह्या तर शिंकांच्या गोळ्या," रंजिता म्हणाली. "औषध फक्त ब्लडप्रेशरचं चालू आहे."

हे वाक्य तिने गेल्या दोन वर्षांत प्रत्येक डॉक्टरला ऐकवलं होतं, आणि तिच्या मते त्यात तसूभरही खोटं नव्हतं. पडघ्याच्या आसपासच्या घरांत शिंकांची गोळी औषधात धरत नाहीत. ती फळीवर मिठाच्या बरणीशेजारी असते. मेडिकलवाला पट्टी कापून देतो, चिठ्ठी ना तो मागत ना कोणी दाखवत. गवताला फुलोरा आला की तिचे सासरे अनंताबाबा उजाडल्यापासून शिंकायला लागत, ते थेट भात झोडून होईपर्यंत. एका गोळीने भागेना, म्हणून दोन्ही वेळा. पुढे घरातल्या पेंढ्यानेही शिंका येऊ लागल्या, तशी गोळी बारा महिने चालू राहिली. त्यातही नाक वाहिलं तर वर एक गुलाबी, आणि निजताना दोन झाकणं बाटलीतलं. देणारी रंजिताच. सून असावी तर अशी, असं शेजारच्या पार्वतीकाकू चारचौघांत सांगायच्या आणि रंजिताला ते ऐकायला आवडायचं.

डॉक्टरीणबाई वयाने तिच्याहून लहान होत्या, पण समजावून सांगायची त्यांना सवय होती. रंग वेगळे असले तरी तिन्हींत एकाच जातीचं औषध आहे, त्या म्हणाल्या. जुनं, झोप आणणारं. तरुण माणसाला नुसती पेंग येते. म्हाताऱ्याचं मात्र तोंड कोरडं पडतं, तोल जातो, लघवी अडते, डोक्यात धुकं भरतं. काल बाबांना नळी घालावी लागली ती बहुधा यामुळेच. आता हे सगळं बंद. शिंका फारच आल्या तर त्या लिहून देतील ती दुसरी गोळी, कमी झोप आणणारी, दिवसातून एकच. तिच्या जोडीला सर्दीचं दुसरं काही नाही. आणि यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्यायच्या.

"आणि विसरणं?" रंजिताने विचारलं. "कधीकधी माणसं ओळखत नाहीत. आम्हाला तर वय झालं म्हणून सांगितलेलं."

"वयही असेल. पण मला वाटतं, बरंचसं या गोळ्यांचं आहे. दोन आठवडे वाट बघा. कदाचित तुमचे बाबा पहिल्यासारखे होतील."

रंजिताने हसून नवऱ्याकडे पाहिलं. हरेश टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघत होता. पंखा डोक्यावर फिरत असतानाही त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. तो का, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचंही हसू विरलं.

ओढ्याकाठचं शेत विकायचं हरेशने आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा काढलं, तेव्हा अनंताबाबा एवढंच म्हणाले होते, मी हाय तवर न्हाय. तिन्ही बाजूंची शेतं गोडाऊनांखाली गेली, भरावामुळे पाण्याला वाट उरली नाही, निम्मी खाचरं पावसाळाभर कुजायची. तरी म्हाताऱ्याचा शब्द बदलला नाही. मग ते विसरायला लागले. चुलत्याला मामा म्हणू लागले, जेवले तरी जेवायला मागू लागले. गावाने साठी बुद्धी नाठी म्हणून विषय मिटवला आणि हरेशला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. वैशाखात भिवंडीच्या रजिस्टर ऑफिसात खरेदीखत झालं.

तिथे त्यांना घेऊन गेली होती रंजिता. हरेशबरोबर ते यायला तयार नव्हते. हयातीचा दाखला द्यायचाय बाबा, पेन्शनीसाठी, असं तिने सांगितलं आणि ते मुकाट उठले. दरवर्षी त्या दाखल्याला तीच त्यांना न्यायची. साहेबांनी विचारलं, राजीखुशीने देताय ना? अनंताबाबांनी रंजिताकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणून त्यांनीही हलवली. मग जीभ किंचित बाहेर काढून, शाळेतल्या पोराच्या मन लावण्याने, त्यांनी आपलं नाव लिहिलं.

चौथ्या दिवशी नळी निघाली आणि बाबांना घरी आणलं. ते खाटेवर पडल्या पडल्या झोपले. हरेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"एकदम बंद कशाला करायच्या? इतकी वर्षं चालूच होत्या ना. हळूहळू करू."

"लघवी अडलेली त्यांची. तुम्ही होतात ना तिथे?"

"तसं नाही म्हणत मी. एकच देऊ. शांत तरी राहतील."

चोराच्या मनात चांदणं, पण रंजिता त्याला चोर म्हणणार कोणत्या तोंडाने? ती स्वतः शिडी धरून उभी होती. आणि शांत राहतील हे तिलाही माहीत होतं. शेत गेल्यावर यंदा घरात पेंढ्याची काडी आली नव्हती, त्यामुळे बाबांना शिंकाही बेताच्याच होत्या. तरी गोळी चुकली नव्हती. गोळी घेतली की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि शेताकडे जायचं नाव काढायचे नाहीत.

हरेश ड्युटीवर गेल्यावर तिने उरलेली एकेक गोळी सोलून मोरीत सोडली, बाटली ओतली, वर दोन तांबे पाणी टाकलं. तिला बाबा पहिल्यासारखे हवे होते. आणि ते तसे झाले तर त्यांच्यासमोर उभं राहायची तिची छाती नव्हती. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींतून सुटका नव्हती.

घरी आल्यापासून दिवसागणिक बाबा परत येऊ लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीचं सामान मागितलं आणि न कापता गुळगुळीत दाढी केली. चौथ्या दिवशी नात करिष्मा अभ्यासाला बसली होती, तिला त्यांनी आजी कुठल्या साली गेली ते सांगितलं, महिन्यासकट. पाचव्या दिवशी पार्वतीकाकूंना नावाने हाक मारून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. काकू डोळे पुसत म्हणाल्या, देव पावला गं तुला. रंजिता हो म्हणाली. दर दिवशी एक पान उलटत होतं आणि पुढे काय लिहिलंय हे तिला ठाऊक होतं.

हरेशने घरात थांबणंच सोडलं. म्हातारा उठायच्या आत जायचा, गोडाऊनमध्ये जादा शिफ्ट मागून घ्यायचा, आला तर पडवीत पाठमोरा बसून जेवायचा. तो आठवडाभरात वाळला. रंजिताला त्याचा राग यायचा आणि रागापेक्षा कीव जास्त यायची.

नवव्या दिवशी अनंताबाबा अंगणात खुर्ची टाकून बसले. दरवर्षी पेंढ्याची उडवी रचायचे त्या जागी आता हरेशची जुनी मोटारसायकल उभी होती. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. रंजिता दोनदा चहा विचारून गेली. दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं.

अकराव्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, काठी घेतली आणि निघाले. रंजिताने अडवलं नाही. पन्नास पावलं मागे राहून ती चालत गेली. वाट ते चुकले नाहीत, कुठे थबकलेही नाहीत. ओढ्यापाशी निळ्या पत्र्यांची भिंत उभी होती. तिच्याआड मुरमाचा भराव होता आणि दोन डंपर. फाटकावरचा वॉचमन खुर्चीवरून उठला.

"किससे मिलना है, चाचा?"

"किसी से नहीं," अनंताबाबा म्हणाले.

पत्र्यांच्या बाहेर हातभर बांध उरला होता. त्यावर ते टेकले. रंजिता जवळ जाऊन उभी राहिली. ओढ्याकडच्या गवताला तुरे आले होते, आणि त्यांना लागोपाठ चार शिंका आल्या. टॉवेलच्या टोकाने त्यांनी नाक पुसलं, मग डोळे पुसले.

"हापिसात सही केली, ती याचीच ना?"

"होय, बाबा."

"तू बोललीस, हयातीचा दाखला हाय."

"होय."

त्यांनी शिव्या द्याव्यात, काठी उगारावी, असं तिला मनापासून वाटत होतं. तसं झालं असतं तर ती त्यांच्या पायांवर पडली असती, आणि पडल्यावर माणसाला थोडं तरी हलकं वाटतं. भरावाखाली कुठलं खाचर कुठे असेल याचा अंदाज घेत असल्यासारखे ते फाटकाच्या फटीतून आत बघत होते.

"मीच देत होते गोळ्या," ती म्हणाली. "मला नव्हतं माहीत, बाबा. पण सहीचं माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. मग काठीवर भार देऊन उठले.

"हरेशला बोलू नको, मना समजला म्हून."

"का?"

"तो माज्यासमोर बसंल कसा मंग? एकच पोर हाय मना."

परत येताना ते दमले. वाटेत दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा रंजिताने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. त्याच हाताने आपण त्यांना भिवंडीला नेलं, हे तिला आठवत होतं, आणि त्यांनाही आठवत असणार.

दिवस कलता हरेश आला. म्हातारा ओट्यावर बसलेला पाहून तो अंगणातच घुटमळला आणि मोटारसायकलचं हँडल उगाच पुसू लागला. अनंताबाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे हळूहळू बदलले. या आठ-दहा दिवसांत होते तसे राहिले नाहीत, चष्मा काढल्यावर होतात तसे झाले.

"भात झोडून झाला का रं?" त्यांनी विचारलं.

हरेशने हँडलवरचा हात काढला.

"झाला, बाबा."

"वड्याकडचा?"

"तोही झाला."

"बरा पिकला?"

"बरा पिकला," हरेश म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. डोक्यावरचा भारा कोणीतरी उतरवावा तसे. तो ओट्यावर आला, बापाशेजारी बसला, कितीतरी दिवसांनी. रंजिताने चहा आणून दिला तर तो तिला दबक्या आवाजात म्हणाला की डॉक्टरीणबाई नवीन आहेत, त्यांना काय कळतंय, वयाला का कुठे औषध असतं. त्याचा चेहरा जवळजवळ आनंदी होता. असा चेहरा तिने वैशाखापासून पाहिला नव्हता. अनंताबाबा अंगणाकडे बघत चहा बशीत ओतत होते.

चहा संपता संपता त्यांना शिंक आली. मग आणखी दोन. हरेशने खिशात हात घातला आणि पिवळ्या गोळ्यांची पट्टी काढली. तिचे कोपरे मळून दुमडले होते. किती दिवस ती त्याच्या खिशात होती कोण जाणे. एक गोळी त्याने अंगठ्याने दाबून बाहेर काढली आणि लहान मुलाला खाऊ द्यावा तशी, फार मायेने, बापाच्या तळहातावर ठेवली.

"घ्या, बाबा. शिंका थांबतील. झोपही लागेल. रंजिता, पाणी आण."

ती पाणी घेऊन दारात आली.

"बाबा, डॉक्टरांनी..."

अनंताबाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती नजर लख्ख होती. तिच्यात कसलंही धुकं नव्हतं. हरेश मान खाली घालून पट्टी पुन्हा खिशात ठेवत होता, त्याला ती दिसली नाही. मग त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

रंजिताने तांब्या त्यांच्या हातात दिला.