निघालेला माणूस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचं ऑफिस तळमजल्यावर होतं, आणि ते बरंच होतं, कारण त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. पुढच्या खोलीत ताईंचं टेबल, मागच्या खोलीत मालकांचं, आणि मधल्या बोळात एकाच फळीवर ग्रीसचे डबे आणि मेकॅनिकांच्या जेवणाचे डबे. एकशे चाळीस इमारतींच्या लिफ्ट या कंपनीकडे होत्या. त्या एकशे चाळीस इमारतींचा वैताग गेली एकोणीस वर्षं ताईंच्या कानात ओतला जात होता.

ताईंचं वय चोपन्न, पण फोनवरचा आवाज तिशीतला. समोरच्याच्या नुसत्या "हॅलो"वरून त्यांना कळायचं की लिफ्ट बंद पडलीय, दार लागत नाहीये, की कुणी आत अडकलंय. कुणी अडकलेलं असेल तर ताई बाकी सगळं जग बाजूला सारत आणि त्या माणसाची सुटका होईपर्यंत त्याच्याशी बोलत राहत. बाकीच्यांसाठी मात्र त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस निघालाय. रस्त्यातच आहे." हे त्या असं काही म्हणत, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्कूटरवरून येणारा माणूस उभा राही. माणूस त्या वेळी बहुतेक ताईंच्या समोरच्याच बाकावर चहा फुंकत बसलेला असे.

त्या माणसाला सगळे पानेदादा म्हणत. कंपनीच्या तीन मेकॅनिकांमधला तो मुख्य. हातात कायम एखादा पाना. जेवतानाही डाव्या हातात असायचा. कामाला वाघ होता, फक्त त्याला जागेवरून उठवावं लागायचं.

मग मालक कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात एजंट शिरले.

"ताई, सोमवारपासून आपल्याकडे तीन एजंट येतायत," ते म्हणाले. "एक फोन घेईल, एक कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवेल, आणि एक मला रोज रिपोर्ट देईल."

ताईंनी सोमवारी लवकर येऊन तीन खुर्च्या पुसून ठेवल्या. आली ती एकटी मालकांची भाची, खांद्याला लॅपटॉपची पिशवी लावून.

"बाकीचे?" ताईंनी तिच्या मागे डोकावून पाहिलं.

"तिघंही यातच आहेत, प्रोग्रॅम आहेत ते," भाची पिशवीवर थाप मारत म्हणाली.

ताईंनी तिला एक खुर्ची दिली आणि उरलेल्या दोन गुपचूप भिंतीला लावल्या.

भाची हुशार होती आणि मनानं चांगली होती. तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. लिफ्टच्या आतून आलेला फोन सरळ ताईंकडेच येणार, त्यात मशीन लुडबुड करणार नाही. बाकीचे फोन मात्र पहिला एजंट घेणार. "आणि तो अगदी तुमच्यासारखं बोलतो. ऑफिसच्या फोनवरचे गेल्या तीन वर्षांतले तुमचे सगळे कॉल रेकॉर्ड झालेत ना, त्यावरूनच शिकवलंय मी त्याला. अकरा हजार कॉल!"

"सगळे?" ताईंनी विचारलं.

"अगदी सगळे."

ताईंनी टेबलावरचा फोन हळूच तिच्याकडे सरकवला.

पहिला फोन आला. एजंटनं तो घेतला. आवाज ताईंचा नव्हता, पण ढब हुबेहूब त्यांची. "हो हो, अगदी कळलं मला. आणि पायऱ्या चढून तुमचे गुडघे दुखत असतील ना? काही काळजी करू नका. माणूस निघालाय. रस्त्यातच आहे."

मालक दारात उभे राहून ऐकत होते. ते इतके खूश झाले की त्यांनी टाळी वाजवली. पानेदादा बाकावर बसला होता. त्यानं बशीतून मान वर केली, आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "कोण निघालंय?"

कुणीच निघालं नव्हतं. पण दुसऱ्या एजंटनं ते वाक्य ऐकलं आणि पानेदादाच्या नावापुढे "रवाना" असं लिहून टाकलं. जो रवाना झालाय त्याला परत कशाला पाठवायचं? त्यामुळे पानेदादाचा फोन वाजला नाही. पुढच्या ग्राहकाचा फोन आला, त्याच्याकडेही माणूस निघाला. त्याच्या पुढच्याकडेही. दुपारपर्यंत पानेदादा शहराच्या सात टोकांना एकाच वेळी निघालेला होता आणि बाकावर पेपरातलं कोडं सोडवत होता.

ताईंना हे दिसत होतं. त्यांचा हात दोन-तीनदा पर्समधल्या मोबाइलकडे गेलाही. पण मालकांनी सकाळीच बजावलं होतं, "आठवडाभर कुणी हात घालायचा नाही, त्याला शिकू द्या." शिवाय आतून थोडं वाईटही वाटत होतं. शिकू दे, त्या मनात म्हणाल्या. माझी गरज नाही ना, मग शिकू दे.

संध्याकाळी तिसऱ्या एजंटचा रिपोर्ट आला. मालकांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. एकही ग्राहक उत्तराविना राहिला नाही. पानेदादा एका दिवसात चौदा ठिकाणी रवाना झाले. त्यांनी जेवणाची सुट्टी घेतल्याची नोंद नाही. त्यांच्या कष्टाची दखल म्हणून कौतुकाचं पत्र जोडलं आहे, आणि प्रकृतीवर ताण येऊ नये म्हणून उद्यापासून त्यांची दोन दिवसांची पगारी रजा मंजूर करण्यात आली आहे.

पानेदादानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "एवढी वर्षं झाली," तो भरल्या आवाजात म्हणाला, "पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलं." आणि तो खरोखरच घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून मुख्य मेकॅनिक घरी आणि कागदावर मात्र गावभर. बाकीच्या दोघांनाही एजंटनं याच हिशेबानं रवाना करून टाकलं होतं. त्यातला एक बिचारा इतका गोंधळला, की आपण कुठे निघालोय हे विचारायला त्यानं स्वतःच फोन केला. "काही काळजी करू नका," एजंट त्याला म्हणाला, "माणूस निघालाय."

बुधवारी सकाळी दार धाडकन उघडलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांचा दवाखाना एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होता. अंगात पांढरा कोट तसाच होता.

"कुठंय तो माणूस?" त्यांनी विचारलं.

"कोणता माणूस?" मालक बाहेर आले.

"निघालेला! परवा सकाळपासून निघालाय तो. मी सहा वेळा फोन केला, सहाही वेळा तो रस्त्यातच. अहो, पायी येतोय का? कुठल्या देशातून येतोय? माझे पेशंट पाच मजले चढून येतात, ते आ वासूनच. त्यांना तोंड उघडा असं सांगावं लागत नाही, पण त्यांच्या धापेनं माझा आरसा धुरकटतो. काल एक आजोबा खुर्चीत बसले आणि सरळ झोपले!"

मालकांनी त्यांना पाणी दिलं, माफी मागितली, आणि रजेवरच्या पानेदादाला स्वतः फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. तो माळ्यावर चढून पंख्याची जुनी पेटी काढतोय म्हणाली, आणि रजा अजून वाढवता येईल का असं विचारलं.

तासाभरात पानेदादासकट सगळे ऑफिसात जमले; डॉक्टरीणबाई तर माणूस घेतल्याशिवाय हलायलाच तयार नव्हत्या. मालकांचा चेहरा लाल झाला होता. "या मशीनला खोटं बोलायला शिकवलं कुणी?"

भाचीनं लॅपटॉप उघडला. अकरा हजार कॉल चाळले. "माणूस निघालाय" हे वाक्य सहा हजार तीनशे बेचाळीस वेळा सापडलं.

ताईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एकोणीस वर्षं सांभाळलेली अब्रू अशी आकड्यात मोजून टेबलावर ठेवली जाईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या. "मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "मला मोकळं करा. उद्यापासून नाही येत मी."

"थांबा ना ताई," भाची पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मला एक कळत नाहीये. तुम्ही 'निघालाय' म्हणायच्या, तेव्हा तो निघालेला नसायचा. बरोबर? पण जुन्या नोंदी बघतेय मी. तुमचा फोन झाला की चाळीस-पन्नास मिनिटांत मेकॅनिक तिथे पोचलेला आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी. आता एजंटही तेच वाक्य म्हणतो, पण कुणी पोचत नाही. मग मधे काय व्हायचं?"

"मधे काय व्हायचं म्हणजे? मी फोन करायचे."

"कुणाला?"

"याला." ताईंनी पानेदादाकडे बोट दाखवलं. "आणि त्या दोघांना."

"रेकॉर्डमध्ये नाहीये तो फोन."

"कसा असेल? ऑफिसचा फोन अडकवून ठेवून कसं चालेल, दुसऱ्याचा यायचा असतो. माझ्या मोबाइलवरून करायचे. बाकावर असला तर फोनही नाही, नुसत्या डोळ्यांनी."

पानेदादानं घसा साफ केला आणि ताईंचा आवाज काढला. "'कुठंयस? खरं सांग. मागे चमचा वाजतोय. ठेव तो कप. मी त्यांना शब्द दिलाय, तो खाली पडू देऊ नकोस. ऊठ म्हणतेय ना!'" मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "दिवसातून दहा वेळा. कप तोंडाला लावायची भीती वाटते मला."

मालक खाली बसले. एकोणीस वर्षं ते मागच्या खोलीत होते आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. मशीननं ताईंचं अर्धं काम शिकून घेतलं होतं, तेही सोपं अर्धं.

"मग दुसरं अर्धंही शिकवू!" भाचीला हुरूप आला. तिनं तिथल्या तिथे चौथा एजंट तयार केला, मेकॅनिकांना उठवणारा. ताईंनी वाक्यं सांगितली, तिनं ती घातली. पानेदादाला बोळात पाठवलं आणि चाचणी सुरू झाली.

"नमस्कार पानेदादा. आपण कुठे आहात? कृपया कप खाली ठेवा."

"निघालोय," पानेदादा डब्यांच्या फळीला टेकून म्हणाला. "रस्त्यातच आहे."

"धन्यवाद," एजंट म्हणाला, आणि पडद्यावर उमटलं: रवाना.

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग भाची, मग मालकही. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बोळाकडे वळून म्हणाल्या, "दादा, ऊठ." आणि पानेदादा हत्यारांची पिशवी घेऊन खरोखरच निघाला. डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरवर मागे बसूनच गेला, वाटेत हरवायला नको म्हणून.

एजंट काही काढून टाकले नाहीत. तक्रार लिहून घेणं, पत्ता विचारणं, मागच्या वेळी कोणता भाग बदलला ते शोधणं ही कामं ते फार सुरेख करत. ताईंनाही ते मान्य करावं लागलं. एक बदल मात्र झाला. कुणी "माणूस कधी येणार?" असं विचारलं की एजंट आता खरं तेच सांगतो: "अजून निघालेला नाही. ताई त्याला उठवतायत." मालकांना वाटलं, हे ऐकून लोक भडकतील. तसं काही झालं नाही. लोक म्हणू लागले, "ताई बघतायत ना? मग ठीक आहे." काहीजण तर एजंटला मधेच तोडून ताईंची तब्येत विचारत, आणि एजंट प्रामाणिकपणे सांगे की याबाबत आपल्याकडे माहिती नाही.

दुपारचे दोन तास ताईंना मोकळे मिळू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी कपाट आवरलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की या एकशे चाळीस इमारतींपैकी एकही आपण पाहिलेली नाही. मग एका दुपारी त्या पानेदादाबरोबर निघाल्या. पहिली इमारत डॉक्टरीणबाईंचीच होती. जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट, आतला आरसा डागाळलेला, पण चाल लोण्यासारखी. पाचव्या मजल्यावर उतरताना ताईंना उगाचच भरून आलं.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "तुम्ही ताई? आवाजावरून उंच वाटायच्या!" आणि मग त्यांची नजर सवयीनं खाली सरकली. "एकोणीस वर्षं सारख्या बोलताय. मागची दाढ कधी दाखवलीत का कुणाला?"

ताई खुर्चीत बसल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात कापूस भरला, आरसा घातला, आणि लिफ्टचं, पेशंटांचं, स्वतःच्या सासूबाईंचं असं सगळं सांगायला सुरुवात केली. ताईंना बोलायचं तर खूप होतं. पण अर्धा तास त्यांना नुसतं "अं" म्हणता येत होतं, आणि बाहेरच्या बाकावर पानेदादा आयुष्यात पहिल्यांदाच निवांत चहा पीत होता.