पलुपीच्या वाराचा उपास

रविवार आणि पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला पोनवार एका दिवशी आले, की तो पलुपीचा जन्मवार; त्या दिवशी वार्सिनी तिच्यासाठी उपास धरायची. पलुपी तिची लेक नव्हे, कादरवातीची. कुदुसच्या लवंगी सिगारेटींच्या कारखान्यात वार्सिनी आणि कादरवाती एकाच बाकावर बसत. एकीने वळायच्या, दुसरीने कात्रीने टोकं कापायची. कादरवातीने अंथरूण धरलं तेव्हा मैत्रिणीचा हात हातात घेऊन तिने एवढंच मागितलं होतं, "माझ्यामागं पोरीच्या वाराला उपाशी कोण राहील गं? तू राहा. जिंकू दे म्हणून नको मागूस. सुखरूप असू दे, बास."

जन्मवाराला आईने लेकरासाठी उपाशी राहायचं, ही जावातली रीतच. पण दुसरीच्या लेकरासाठी धरला, तो अल्लाला दिलेला शब्द. वार्सिनीने तो कधी मोडला नव्हता.

आणि आजचा रविवार नेमका पोनवारी आला होता. आजच जकार्तात, साऱ्या देशांच्या खेळाडूंमधून वर आलेल्या दोघी बॅडमिंटनच्या अंतिम सामन्याला उभ्या राहणार होत्या. एक पलुपी. दुसरी निंगरुम, वार्सिनीच्या पोटची.

सकाळी निंगरुमचा फोन आला.

"आई, नाश्ता केलास?"

"तू खाल्लंस ना?" वार्सिनीने उलट विचारलं.

"कळलं. आज कुणाचा वार आहे ते मला ठाऊक नाही असं वाटलं तुला?" निंगरुम हसली, पण हसू पुरतं उमटलं नाही. "आई, आजचा दिवस खाऊन घे ना. उद्या धर हवं तर. मी कोर्टावर मरमर करायची आणि माझीच आई समोरचीसाठी उपाशी बसायची?"

"नीट खेळ, बाळा," एवढंच वार्सिनी म्हणाली. मग फोन ठेवून ती स्टेडियमला निघाली.

तारमुजी, तिचा नवरा, स्टेडियमबाहेरून केळीच्या पानातले चिकटभाताचे दोन रोल घेऊन आला. "घे. पोरीचं मन राख. अल्ला काय हिशेबनीस आहे का, आजचा उद्या केला म्हणून रागवायला?"

"तो रागवायचा नाही," वार्सिनी हळूच म्हणाली. "पण कादरवातीला काय सांगू?"

तारमुजीने एक रोल तिच्या मांडीवर ठेवला. "मग राहू दे तिथंच. वास तरी घे."

भोवती प्रेक्षकांची पंचाईत झाली होती. एरवी आपली पोर खेळायला लागली की प्रत्येक फटक्याला सारं सभागृह "हाऽ! हाऽ!" करून उठायचं. आज दोघीही आपल्याच. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "आज कुणीही हरलं तरी घसा बसायचा तो बसणारच."

पहिला गेम निंगरुमने घेतला. तारमुजी उठून नाचला. वार्सिनीने टाळ्या वाजवल्या, आणि मांडीवरचा रोल घसरू नये म्हणून पुन्हा सारखा केला.

दुसऱ्या गेमपासून ती नीट पाहू लागली. पलुपी चुकली की जीभ चावून हसायची आणि समोरची सर्व्हिस घ्यायला उभी राहायची. निंगरुम चुकली की वर बघायची, थेट आईकडे. लहानपणापासूनची खोड. पंख्यांच्या वाऱ्याने शटल एका अंगाला वाहत होतं. पलुपी त्याला वाहू देऊन खेळत होती, निंगरुम प्रत्येक वेळी त्याच्याशी भांडत होती.

एक शटल उचलायला धावताना पलुपीचा पाय घसरला. ती कोर्टावर आडवी झाली. सभागृह चिडीचूप. वार्सिनीच्या ओठांवर दुआ आली, नेहमीचीच, "सुखरूप असू दे." पलुपीने घोटा फिरवून पाहिला, उठली, हात वर केला. वार्सिनीने सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच श्वासात तिला उमगलं की निंगरुमसाठी हे शब्द आपण कधी उच्चारलेच नाहीत. निंगरुमच्या वाराला ती दर खेपेला एकच मागायची: जिंकू दे. जिल्हा जिंकू दे. राष्ट्रीय संघ मिळू दे. हा किताब मिळू दे. पोटची पोर, तिच्यासाठी मोठंच मागायचं नाही का?

दुसरा गेम पलुपीने घेतला. तिसरा एकोणीस-एकोणीसवर आला. निंगरुमने वर पाहिलं. आईच्या मांडीवरचं केळीचं पान अजून उलगडलेलं नाही, हे तिला दिसलं. दोघींची नजर क्षणभर अडकली. मग निंगरुमने घाम पुसला आणि ती वळली.

पुढचे दोन गुण पलुपीचे झाले, आणि किताबही.

जाळीपाशी दोघींनी हात मिळवले, मग पलुपीने निंगरुमला मिठीच मारली. तारमुजी डोकं धरून बसला. "बघितलंस? तुझ्या उपासाने घात केला."

वार्सिनीने मांडीवरचा रोल दोन्ही हातांनी झाकला. तिच्या मनातही तेच आलं होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती.

सूर्यास्ताची, उपास सोडायची मगरिबची बांग होता होता दोघी तिला शोधत आल्या. पलुपीच्या गळ्यात पदक, हातात खजूर आणि गोड चहाचा ग्लास. मागून निंगरुम. डोळे सुजलेले.

"दे, तूच दे," निंगरुम पलुपीला म्हणाली. "तुझ्यासाठी उपाशी राहिली, चहा तूच पाज."

"बुलिक," पलुपी म्हणाली. या मानलेल्या धाकट्या मावशीपुढे ती गुडघ्यांवर बसली आणि तिचा हात कपाळाला लावला. मग खजूर पुढे केला.

वार्सिनीने खजूर तोंडात घातला. निंगरुम तिच्याशेजारी बसली, खांद्याला खांदा लावून.

"आई, हिच्यासाठी काय मागतेस?"

"सुखरूप असावी. एवढंच. हिच्या आईने सांगितलं होतं."

"आणि माझ्या वाराला?"

वार्सिनीने ग्लास दोन्ही हातांत धरला. खोटं बोलायचं नव्हतं. उपास नुकताच सुटला होता. "तू जिंकावंस."

निंगरुमने कोर्टाकडे पाहिलं. तिथे झाडूवाले कागदाचे तुकडे गोळा करत होते.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. "वर बघितलं की ते दिसायचं तुझ्या तोंडावर." मग मांडीवरचं केळीचं पान उचलून तिने उलगडलं, रोलचे तीन तुकडे केले. "माझा वार आला ना, की माझ्यासाठीही तेवढंच माग. हिचं मागतेस तेवढंच."

"बरं," वार्सिनी म्हणाली.

"आणि बाबांना नको देऊस यातलं. ते सकाळपासून खातायत."