आईपुरती लिंक

लुंबिनीनं हातातला हार परत ताटात टाकला.

"थांबा. आईला दिसल्याबिगर मी हार घालणार न्हाई."

तिची आई नागुबाई खुबा मोडून लातूरच्या दवाखान्यात पडली होती. तिला लग्न दिसावं म्हणून भावानं, संघपालनं, स्टेजच्या कडेला स्टँडवर मोबाइल लावून लाइव्ह सुरू केलं होतं. आणि त्याच्या हातातल्या दुसऱ्या फोनवर तिकडून मावशी रडकुंडीला आलेली.

"बाई, नुसतं गोल फिरून राहिलंय! त्रिशरण झालं, पंचशील झालं, आम्हाला काय बी दिसलं न्हाई."

लुंबिनी भावावर कडाडली. "लिंक फक्त आईला दिली होती ना?"

"लिंबाजीकाकानं गावाच्या ग्रुपवर टाकली," संघपाल पुटपुटला.

झालं! किनवटच्या जंगलातलं गाव, टॉवर एकच, आणि मांडवातला जो तो मान खाली घालून फोनमध्ये लग्न बघत होता. ज्या लग्नाला आले, तेच लग्न! लुंबिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं माइक हिसकावला.

"लाज न्हाई वाटत? लग्नात बसून फोनमध्ये काय बघून राहिले? तिकडं माझी माय पडल्या पडल्या नुसतं चक्कर बघून राहिली! फोन बंद करा, न्हाईतर उठा मांडवातून!"

फटाफट फोन बंद झाले. शेवटच्या रांगेत एक तेवढा चालू राहिला. तो तिच्या बापाचा, व्यंकटीचा होता.

"बाबा, तुम्ही बी?"

पंगतीचं बघून येईपर्यंत व्यंकटीला पुढं जागा उरली नव्हती. पोरीवर कधी आवाज न चढवलेला तो माणूस उठून उभा राहिला आणि ओरडला,

"मग काय करू? इथून मला लिंबाजीची पाठ दिसती. त्याच्याम्होरं सरपंचाची. त्याच्याम्होरं फोटोवाल्याची. फोनमध्ये तरी तुझं तोंड दिसतं!"

"हाव, खरं हाय," बायकांतून आवाज आला.

लुंबिनीनं स्टेजवर आजूबाजूला पाहिलं. काका, सरपंच, फोटोवाले, त्यांचे दिवे. सकाळपासून सगळ्यांची तोंडं तिच्याकडं होती, म्हणून त्यांच्या पाठी तिला दिसल्याच नव्हत्या.

"काका, खाली उतरा."

"अगं, मी मुलीकडचा माणूस..."

"उतरा म्हणते ना! सरपंचसाहेब, तुम्ही बी. फोटोवाले, तुम्ही पयले!"

धुसफुसत सगळे उतरले. माना वर झाल्या. व्यंकटीनं फोन खिशात घातला. तेवढ्यात मावशी पुन्हा बोलू लागली. संघपालनं फोन माइकजवळ धरला.

"दिसली, दिसली!"

मग मांडवभर नागुबाईचा आवाज घुमला, तोही चिडलेलाच.

"दिसली, पण हिचा बाप कुठं मेलाय? पोरगी एकटीच उभी हाय व्हय?"

लुंबिनीनं हार उचलला. नवरदेवानं मान पुढं केली, पण ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत तशीच थांबली. तिकडून व्यंकटी वाट काढत येत होता.