नमुन्याचा आवाज

"शून्य. एक. दोन," तेजश्री म्हणाली, आणि रांगेतल्या बायका दुधाच्या कॅना तिथेच ठेवून डेअरीच्या दाराबाहेर सरकल्या.

तेजश्रीला जाऊन वर्ष उलटलं होतं.

"बघा सायेब, ही आसली तऱ्हा," सावळाराम म्हणाला. तो या दूध केंद्राचा सचिव. त्यानं कळ दाबून कॉम्प्युटर गप्प केला. "तुमच्या कन्हेरीची एक लेक नांदती हितं. तिनं आवाज वळखला. तवापास्नं मशीन बोललं की बायका ठरंनात आत. मेलेली पोरगी माप सांगती म्हणत्यात."

सायेब म्हणजे बुद्धघोष, तेजश्रीचा थोरला भाऊ. त्यानं मान हलवली. त्याच्या मागे त्याची आई, तुळसा, भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि तिची नजर काळ्या स्पीकरवरून हलत नव्हती.

बुद्धघोषची नोकरी नक्की काय, हे कन्हेरीत कुणालाच धड सांगता येत नसे. कंपनी पुण्यात आणि हा घरी. कॉम्प्युटरला मराठी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर ती बनवायची आणि ते गावोगावच्या प्रोग्रामरांना विकायची. त्या प्रोग्रामरांना पटवायचं, शिकवायचं, नमुने करून द्यायचे, त्यांची कुरकूर फोनवर ऐकून पुण्याला कळवायची, हे बुद्धघोषचं काम. एकदा मुलीकडचे पाहुणे आले, तेव्हा वडिलांनी "कंपनीत हाय, पर कंपनीत जात न्हाय" एवढंच सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

नमुन्याला आवाज हवा होता. त्यानं बहिणीला मागच्या खोलीत माईकसमोर बसवलं. आकडे, 'लिटर', 'फॅट', 'थांबा', 'पुढे या', असं एकेक म्हणून घेतलं. प्रोग्रामरांना तो बजावून सांगायचा, हा फक्त नमुना आहे, तुमचा आवाज घाला. कुणीही घातला नाही. प्रोग्रामर हा प्राणीच असा, की चालतंय म्हटल्यावर त्याला हात लावत नाही. बघता बघता दोन तालुक्यांतल्या दूध केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ तेजश्री बोलायला लागली. "दादा, मला पगार चालू कर की," असं ती म्हणायची आणि खिदळायची.

मग काविळीनं तिला नेलं. पोरगी गेली, पण गावोगावची मापं सांगायची थांबली नाही.

कामासाठी बुद्धघोषला त्या केंद्रांवर जावंच लागे. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. पुढे पुढे काम नसतानाही तो तिकडे जाऊ लागला. दाराशी उभा राहून ऐकायचा, आणि घरी येऊन आईच्या नजरेला नजर न देता जेवायचा. घरी त्यानं हे कधीच सांगितलं नाही. पण कन्हेरीच्या त्या लेकीच्या माहेरी बोलणं झालं आणि ते तुळसाच्या कानावर आलं. आज बारामतीच्या स्टँडवर ती त्याच्या आधीच गाडीत चढून बसली होती. "मला तिला ऐकायचंय," एवढंच म्हणाली.

त्याच्या शबनम पिशवीत नवी फ्लॉपी होती. तिच्यात पुण्याच्या कुणा बाईंचा स्वच्छ आवाज होता. ती घातली की जुना आवाज, न विचारता, आधी पुसला जायचा. आळशी प्रोग्रामरांसाठी तशी सोय करा, हे पुण्याला भांडून भांडून पटवलं होतं खुद्द बुद्धघोषनंच.

"सायेब, घ्या की उरकून. दूध नासायचं," सावळाराम म्हणाला.

"आधी एकदा सगळे आवाज शेवटपर्यंत वाजू द्या," बुद्धघोष म्हणाला. "आईला ऐकायचेत."

मशीन सुरू झालं की सगळे शब्द ओळीनं वाजायचे, एखादा बिघडला असेल तर कळावा म्हणून. पण रोज सावळाराम दोन-तीन आकड्यांतच कळ दाबून मोकळा व्हायचा. या वेळी मशीन पुन्हा सुरू केल्यावर त्यानं कळ दाबली नाही.

आकडे संपले. "लिटर. फॅट. थांबा." एवढ्यात वीज गेली. पंखा गरगरत थांबला, खोलीत संध्याकाळचा काळोख भरला. कॉम्प्युटर बॅटरीवर होता. त्या काळोखातून आवाज आला, "पुढे या."

दारातली नकोशी नावाची एक बाई किंचाळली. तुळसा मात्र खरंच एक पाऊल पुढे आली.

"धन्यवाद," तेजश्री म्हणाली. हा शब्द कोणतंच केंद्र वापरत नसे. दूध घालणाऱ्याला धन्यवाद कोण म्हणतं? पण कंपनीचा आग्रह म्हणून तो म्हणून घेतला होता, अगदी शेवटी. मागोमाग हसण्याचा आवाज आला, आणि मग, "दादा, बास की आता. आई हाक मारती."

रेकॉर्डिंगचं हे शेपूट या पहिल्या प्रतीतून कापायचं बुद्धघोषकडून राहून गेलं होतं. पुढच्या प्रतींमधून त्यानंच ते कापलं होतं आणि मूळ कॅसेटवर केव्हाच दुसरं काहीतरी भरलं होतं. तिचं स्वतःचं असं बोलणं जगात एवढंच उरलं होतं.

"आई, मी हे फ्लॉपीवर घेतो," तो घाईघाईनं म्हणाला. "घरी नेऊ. तुला पाहिजे तेव्हा ऐक."

"नगं."

"अगं, पण..."

"घरी ती बोलाय लागली तर मी तिला उत्तरं देत बसंन, लेका. मग माझं दुसरं काय हुयाचं न्हाय." तुळसानं स्पीकरवर तळहात ठेवला. "वरीसभर तिला कामाला लावलीस तू. बास म्हणतीय ती. ऐकू येत न्हाय व्हय तुला?"

त्याला ऐकू येत होतं. म्हणूनच त्याला ती नवी फ्लॉपी पिशवीतून बाहेर काढवत नव्हती. तो लहान पोरासारखा रडला, सावळारामसमोर, त्या सगळ्या बायकांसमोर. मग डोळे पुसून त्यानं फ्लॉपी घातली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली.

वीज आली. मशीन नव्यानं बोलू लागलं. शुद्ध, गोड आकडे. लिटर. फॅट. थांबा. पुढे या. धन्यवाद.

आणि त्यानंतर काही नाही.

त्या गप्प जागेत तुळसानं मान थोडी वर केली, आणि दिवेलागणीला परड्यातल्या पोरीला घरात बोलवावं तशी हाक मारली, "तेजे... ये गं आता."

सगळ्यांत जास्त भ्यालेली नकोशी दारात उभी होती, तीही कान देऊन थांबली. स्पीकर गप्प होता.

मग नकोशी आत आली, खाली वाकून तिनं आपली कॅन उचलली, आणि तुळसाच्या शेजारी आवाज न करता ठेवली.