पान आधी, साखर नंतर

नदीकाठच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. यात्रेची तिसरी बस नुकतीच रिकामी झाली होती आणि जो तो झराबाबापुढे जीभ काढून उभा होता. बाबा हिरवं पान नीट चावायला लावायचा, वर झऱ्याचं पाणी पाजायचा आणि मग चमचाभर साखर तोंडात टाकायचा.

"गोड लागतं?"

"नाही हो! माती लागते, माती!"

"गेली! अंगातली साखर नदीला मिळाली! टाका औषधं पाण्यात. तासभर तोंडात काही घालायचं नाही. बसा बसमध्ये, निघा!"

लोक गोळ्यांची पाकिटं भिरकावत होते. थोरल्या जावेला हे बघवेना. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली बाई ती. देवळं, नद्या, डोंगर बघायला आठ दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली, ती काय असला तमाशा बघायला? तेवढ्यात रांगेतून धाकटी जाऊ धावत आली, इन्सुलिनची पिशवी पोटाशी धरून.

"ताई, माझीही माती झाली! दहा वर्षं सुया टोचतेय. सुटले एकदाची!"

"पिशवी आण इकडे."

"घातलास मोडता!"

"अगं, हे बंद केलंस तर दोन दिवसांत आडवी होशील. या डोंगरात दवाखाना कुठे शोधू मी?" थोरलीने पिशवी ओढूनच घेतली. "तासभर थांब. मग खुशाल टाक."

पान आधी का? आणि तासभर तोंड बंद का? थोरलीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तिने बाबाच्या पुढ्यातलं एक पान उचललं आणि चहा घेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला हाक मारली.

"भाऊ, तुम्हाला साखरेचा आजार?"

"छे! मागच्याच महिन्यात तपासणी झाली. ठणठणीत!"

"मग हे पान चावा. आता तुमचा चहा प्या."

त्याच्या चहात चार चमचे साखर असायची, सगळ्या बसला ठाऊक होतं. पहिल्याच घोटाला त्याने तोंड वाकडं केलं. "अहो, हा चहा आहे की काढा?"

हशा पिकला. थोरली बाबाकडे वळली. "याच्या अंगात रोगच नव्हता. मग नदीला काय मिळालं?"

"अश्रद्ध बाई! तुझ्यामुळे झरा आटेल!"

"आटू दे. हे गुडमारचं पान आहे. जिभेची गोड चव तासभर झोपवतं, बस्स. रक्तातली साखर जागच्या जागी असते. चव परत येईपर्यंत बस डोंगराच्या पार गेलेली असते, आणि औषधं नदीच्या तळाशी."

"बस तासाभराने सुटेल," ड्रायव्हर म्हणाला आणि चावी खिशात टाकून पायरीवर बसला.

सगळे बसले. बाबा मात्र ध्यानाचं निमित्त करून मागच्या दाराने सटकला. तासाभराने धाकटीने साखरेचे चार दाणे जिभेवर ठेवले. तिचा चेहरा पडला.

"गोड लागतंय गं," ती रडायलाच लागली. "मला खरंच बरं व्हायचं होतं."

एक आजोबा धोतर खोचून गोळ्या शोधायला गुडघाभर पाण्यात उतरले.

थोरलीने धाकटीला जवळ घेतलं. "नमस्कार कर, नदीत पाय बुडव, डोंगर बघ. कोण नको म्हणतंय? पण औषध बंद करायचं ते रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून. जिभेला विचारून नाही."

धाकटीने डोळे पुसले आणि पिशवीसाठी हात पुढे केला.