कडी न लावलेलं दार

“खाण बंद करायच्या आधी म्हणे खालून सगळं वर काढणार, अगदी...” एवढंच कानावर पडलं आणि पाळीचा भोंगा वाजला. समोरच्या मावशींचं पुढचं बोलणं त्यात बुडालं. माझ्या आडोशाला आमच्या घरातली वहिनी केर काढत होती. तिनंही तेवढंच ऐकलं आणि केरसुणी हातात तशीच धरून उभी राहिली.

मी कंपनीच्या वस्तीतल्या नऊ नंबरच्या घराचं दार बोलतंय. मला नसत्या चौकशा फार, हे कबूल. पण सगळा जन्म रस्त्याकडे तोंड करून काढल्यावर दुसरं काय होणार?

खाणीत छताला टेकू द्यायला आणलेल्या लाकडांतून मला घडवलं. माझ्या सोबतची लाकडं खाली गेली, मी वर राहिलं. चाळीस घरं, एक नळ, एक दवाखाना आणि सगळ्या दारांना एकच हिरवा रंग. नेमही सगळ्यांचा एकच: घरचा माणूस खाली गेला की तो परत येईपर्यंत कडी लावायची नाही.

वहिनीचा नवरा ताडमाड. रोज माझ्या चौकटीवर कपाळ आपटूनच आत यायचा. “खाणीत बरं वाकता येतं?” ती हसायची. त्याचं उत्तर ठरलेलं, “आठ तास वाकतो गं. घरात तरी ताठ येऊ दे.”

एक दिवस खाली छत बसलं. सहाजण आत राहिले, त्यांत तोही. कंपनीनं तो भाग बुजवून टाकला. पुढची अकरा वर्षं वहिनीनं मला कडी लावली नाही. वाऱ्यानं उघडलं की उठून नुसतं लोटून ठेवायची.

त्या अर्ध्या वाक्यानंतर तिनं पेटीतून त्याचा सदरा काढला, धुतला, समोरच्या दोरीवर वाळत घातला. दोन दिवसांनी पुन्हा धुतला. घरं रिकामी होत होती. दीर न्यायला आला, त्याला तिनं दोनदा परत पाठवलं.

मग खालून पंप आले, यंत्रं आली. रूळ आले, धड राहिलेली लाकडंही आली. ती माझ्यात उभी राहून एकेक फेरी बघायची. शेवटी खाणीच्या तोंडावर सिमेंट ओतलं.

त्या दिवशी मावशी निरोप घ्यायला आल्या. दोरीकडे बघून म्हणाल्या, “हा सदरा कुणाचा गं?”

“त्यांना वर काढणार होते ना? तुम्हीच म्हणालात.”

मावशी माझ्या उंबऱ्यावर बसल्या. “अगदी रूळसुद्धा काढणार, एवढंच म्हणाले होते गं मी.”

वहिनीनं सदऱ्याची घडी घातली, बाहेर आली आणि मला ओढून कडी लावली. दीर तिसऱ्यांदा आला होता, त्याच्यामागून ती गेली.

नंतर लोकांनी कौलं नेली, विटा नेल्या. आता उघड्या माळावर मी आणि माझी चौकट, एवढेच आहोत. कुणीही वळसा घालून पलीकडे जाऊ शकतं. पण तो वळसा घालणारा नव्हे, दारातून ताठ येणारा.

खालून सगळं वर काढणार, हे अर्धंच खरं निघालं. इकडून कधी गेलात, तर माझी कडी तेवढी काढून जा.