खाडीत पडलेला टोप

मी एक जुना टोप आहे. भाताचा नव्हे, मित्रांनो; डोक्यावर घालायचा, पांढऱ्या केसांचा. गोरेगावच्या खंडू कारागिरांनी बारीक जाळीवर माझा एकेक केस गुंफला आणि मला देवदत्त कोयंडे यांच्या डोक्यावर बसवलं. तेव्हा ते ऐन तिशीत होते. आले होते नायक व्हायला; पण आजोबांचं काम करणारे नट आजारी पडले आणि निर्माते म्हणाले, "आजच्या दिवस तुम्ही करा." तो आजचा दिवस अजून संपलेला नाही.

सिनेमात, मालिकांत त्यांनी किती नातवंडं खेळवली! माझ्याखालचे त्यांचे काळेभोर केस हळूहळू गेले, डोकं गुळगुळीत झालं. मी मात्र दाटच. लोक म्हणायचे, "आजोबांचे केस बघा, या वयात!" मी फुगायचो. देवदत्त नुसते हसायचे. आपल्या कामाचा त्यांनी कधी बाऊ केला नाही. "सुतार खुर्ची करतो, मी आजोबा करतो. डगमगला नाही म्हणजे झालं," असं ते म्हणत.

गेल्या हिवाळ्यात वर्सोव्याच्या खाडीवर चित्रीकरण होतं. मालिकेतली आजी वारली होती आणि आजोबा तिच्या अस्थी सोडायला आले होते. इतक्यात जोराचा वारा सुटला. मी उडालो तो थेट पाण्यात!

दिग्दर्शिका श्रुतिका वयाने लहान, तिची ही पहिलीच मालिका. ती ओरडली, "वाट लागली, सर! कालपर्यंतच्या सगळ्या भागांत केस आहेत. दुसरा टोप येईपर्यंत भरती येईल, ही जागाच राहणार नाही."

देवदत्तांचा हात उघड्या डोक्यावर गेला. ते डोकं कॅमेऱ्याने कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी पटकन टॉवेल ओढून घेतला. मग टॉवेल काढून म्हणाले, "बायको गेलीय ना गं या माणसाची? मग त्याने केस उतरवले असतील. घे शॉट."

"पण सर, लोक तुम्हाला केसांवरून ओळखतात."

"मग आज जरा चेहऱ्याकडे बघतील."

इकडे मी वाहत चाललो होतो. होडीतल्या द्रौपदी कोळणीने मला उचललं. "अगो बाय, मांजर!" असं ओरडून तिने मला टाकूनच दिलं असतं, पण नीट पाहिलं आणि हसत सुटली. किनाऱ्यावर आणून तिने मला बोंबलांशेजारी वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूवर, वाळत घातलं. तिथून मी सगळं पाहिलं.

देवदत्त पाण्यात उतरले. अस्थी सोडल्या. सवयीने केस सारखे करायला हात वर नेला आणि तो अर्ध्यावरच थांबला. द्रौपदीने पदर डोळ्यांना लावला. माझ्यावाचून लोक रडत होते, मित्रांनो. आधी वाईट वाटलं. मग मलाही भरून आलं.

शॉट संपल्यावर श्रुतिकाने त्यांना मिठीच मारली. देवदत्त मात्र विचारत होते, "माझा टोप कुणी पाहिला का?" द्रौपदीकडून मला घेऊन त्यांनी धक्क्यावर बसून गोड्या पाण्याने धुतलं आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकोच्या आठवणीने म्हणाले, "चल बाबा बोरिवलीला. या वासाने माणिक दोघांनाही दाराबाहेरच उभं करणार!"

आता त्यांना केसांचे आणि बिनकेसांचे, दोन्ही आजोबा मिळतात. पण मला सुट्टी असते त्या दिवशीही ते मला हलक्या हाताने विंचरतात. मित्रांनो, जी वस्तू तुमच्याबरोबर राबली, तिचं काम नसेल त्या दिवशीही तिच्यावरून हात फिरवत जा. आम्हाला तेवढं कळतं.